पाना कुणाच्या हाती?

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी कायमची उठली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. तिची वीस वर्षे भरली आणि ती गेली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी या गाडीवर भरभरून लिहिले. कुणाला आपले बालपण आठवले, कुणाला जुने सिनेमे आठवले, कुणाला पावसात बंद न होणारी खिडकी आठवली. हे सगळे लेख मी आवडीने वाचले. पण वाचताना असे वाटत राहिले की ही गाडी जणू काही आपोआपच चालत होती. ती बंद पडत असेल, तिच्या इंजिनातून तेल गळत असेल, तिचा पट्टा तुटत असेल आणि कुणीतरी रस्त्याच्या कडेला गोणपाट टाकून तिच्याखाली शिरत असेल, हे त्या आठवणींत कुठेच नव्हते.

मोटारीचा इतिहास आपल्याकडे मालकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्याची कालरेषा सर्वांना पाठ असते. १९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकन बनावटीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवले की जे नुसती जोडणी करतात आणि देशात सुटे भाग बनवणार नाहीत त्यांनी गाशा गुंडाळावा. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. पुढे प्रीमियरने फियाट घेतली. तिचे नाव आधी फियाट, मग 'डिलाइट', मग 'प्रेसिडेंट' आणि शेवटी चितोडच्या राणीवरून 'पद्मिनी'. तिकडे कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सने मॉरिस ऑक्सफर्डचा साचा आणून १९५८ पासून ॲम्बेसेडर काढली. ती २०१४ पर्यंत निघत राहिली. या इतिहासात माणसे भेटतात ती अशी: एक उद्योगपती, एक मंत्री, एक परवाना. कारखान्यातला कामगार संप झाला तर एखाद्या ओळीत येतो. गॅरेजमधला मिस्त्री तर तेवढ्यापुरताही येत नाही.

वास्तविक त्या काळच्या आर्थिक व्यवस्थेत दुरुस्ती हीच मोटारीची खरी निर्मिती होती. नवी फियाट मिळायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आयातीवर बंधने होती, सुटे भाग दुर्मिळ होते. म्हणून एकदा रस्त्यावर आलेली गाडी पंचवीस-तीस वर्षे चालवावी लागे. कारखान्याने ती एकदा बनवली. नंतर तिला मिस्त्रीने पाच-पाच वेळा बनवले. आणि ते बनवायचे म्हणजे साधी गोष्ट नव्हती. नट-बोल्टांचाच प्रश्न घ्या. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने आट्यांचे पहिले प्रमाण ठरवले. त्याचे पाने बोल्टच्या दांड्याच्या जाडीवरून ओळखले जात, डोक्याच्या मापावरून नव्हे. पुढे १९४८ मध्ये इंग्लंड-अमेरिका-कॅनडा यांनी मिळून दुसरे प्रमाण ठरवले. त्यात पान्याचे माप डोक्याच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर. फियाट इटलीची, तिचे सगळे मिलिमीटरमध्ये. मॉरिसच्या जुन्या इंजिनांत तर आटे फ्रेंच मेट्रिक आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थची असा चमत्कारिक संसार होता. एकाच गॅरेजमध्ये जीप, ॲम्बेसेडर आणि फियाट उभ्या असल्या की तीन साम्राज्यांची मापे एका पेटीत नांदत. जो मुलगा चौथीत शाळेतून काढला गेला, त्याला ही तिन्ही मापे नजरेने ओळखता येत. पदवीधर माणसाला बोट लावून सांगता येणार नाही ते तो लांबून सांगे: "अर्ध्या इंचाचा आण, तेराचा लावशील तर डोकं गोल करशील." अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तेराचा पाना त्यावर बसल्यासारखा वाटतो आणि जोर दिला की घसरतो.

आता एक काम नीट पाहू. कारण ज्याला 'अंगमेहनत' म्हणून बाजूला सारले जाते ते आतून कसे असते हे आपल्या नियतकालिकांतही क्वचितच लिहिले जाते. ॲम्बेसेडरची पुढची पुली बदलण्याचे काम. क्रँकशाफ्टच्या तोंडाशी ही पुली बसलेली असते. तिच्यावरून पट्टा जातो. त्या पट्ट्यावर पाण्याचा पंप, पंखा आणि डायनॅमो फिरतो. वर्षानुवर्षे चालून पुलीची खाच घासून गुळगुळीत होते, मग पट्टा सरकतो, बॅटरी भरत नाही, इंजिन तापते. कधी पुलीच्या मानेवर तेलसीलने चरा पाडलेला असतो, तिथून तेल गळते. कधी आतल्या चावीची खोबण रुंदावते आणि पुली डगडगते. कारणे निराळी, पण पुली उतरवावीच लागते. आणि ती उतरवायची तर तिच्या तोंडावरचा मोठा नट, ज्यात हँडल मारायचे दात असतात तो, उघडावा लागतो.

हा नट बहुधा पहिल्यांदा बसवल्यापासून कुणी हलवलेला नसतो. रेडिएटर उतरवायचा, डायनॅमो सैल करून पट्टा काढायचा, नटाखालच्या वॉशरची वळवलेली जीभ छिन्नीने सरळ करायची. इथपर्यंत हेल्परचे काम. मग नट. नट घट्ट बसतो म्हणजे काय होते? आपण पान्यावर जो जोर देतो त्यातला फार थोडा, अंदाजे दहावा हिस्सा, बोल्टला ताणण्याच्या कामी येतो. बाकीचा सगळा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. त्यात वर्षांचा गंज भरला की लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागत असल्यामुळे आटे एकमेकांत पाचर मारल्यासारखे अडकतात. नुसती ताकद लावणारा इथे हरतो. ताकद लावली तर नटाचे कोपरे गोल होतात, नाहीतर बोल्ट आतच तुटतो, आणि मग दीड तासाचे काम दोन दिवसांचे होते. जाणता मिस्त्री आधी रॉकेल आणि तेल सोडून ठेवतो, चहा पितो. मग नटाच्या तोंडावर हातोडीने सरळ ठोके देतो, वाकडे नव्हे. त्या धक्क्याने गंजाची पकड तडकते. मग पाना लावून आधी थोडा *आवळून* पाहतो. हे ऐकणाऱ्याला उलटे वाटते; पण गंजाची कडी कोणत्याही दिशेने एकदा मोडली की पुरे. तरीही हलला नाही तर गॅसची ज्योत नटावर, दांड्यावर नव्हे, कारण नट तापून फुगला पाहिजे आणि दांडा थंड राहिला पाहिजे. जवळ तेलसील असेल तर ज्योत किती क्षण ठेवायची, हे हाताला कळते. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट असला तर हिशेब पुन्हा निराळा. दोन धातू आणि ओल यांच्यात विजेसारखी क्रिया होऊन पांढरी भुकटी जमते, ती लोखंडाच्या गंजाहून हट्टी. तिथे तुटला बोल्ट तर मधोमध भोक पाडून उलट्या आट्यांची सळई घालून तो बाहेर आणावा लागतो, किंवा तुटक्या टोकावर नवा नट वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगची उष्णताच अर्धे काम करते.

पान्याला पाइप जोडून लांबी दुप्पट केली की जोर दुप्पट होतो, हे तरफेचे तत्त्व; आर्किमिडीजच्या नावाने ते आपण शाळेत शिकवतो आणि गॅरेजमधल्या मुलाला ते येते असे आपण मानत नाही. एक जुनी उस्तादी तर अशी, की पाना नटावर लावून त्याची दांडी चासीला टेकवायची आणि स्टार्टरचा एक हलका झटका द्यायचा. इंजिन स्वतःच्या ताकदीने स्वतःचा नट उघडते. यात हात मोडण्याचा धोका आहे आणि कंपनीच्या पुस्तकात असले काही नसते. पण ज्याने हे प्रथम शोधले त्याला आवर्त गती आणि आट्यांची दिशा यांचे पक्के भान होते, यात शंका नाही. नट उघडल्यावरही पुली हाताने निघत नाही. हातोडीने मागून ठोकली तर ओतीव लोखंडाची कड उडते. म्हणून तीन पायांचा पुलर लावून मधला स्क्रू सावकाश आवळतात. पुली "टक्" असा आवाज करून सुटते. तो आवाज ज्याने ऐकला आहे तो विसरत नाही.

हे ज्ञान आहे की नाही? आपल्या समाजाने या प्रश्नाचे उत्तर हजारो वर्षांपूर्वी देऊन टाकले आहे. जे मुखोद्गत होते ते ज्ञान, जे हाताने होते ते काम. आणि ते काम ज्याच्या त्याच्या जन्माला बांधलेले. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले की जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही चढत्या-उतरत्या पायऱ्यांची. पुलीच्याच संदर्भात बोलायचे तर आपल्या गावगाड्यातली सर्वांत मोठी पुली विहिरीवर होती. मोटेचे चाक सुताराने करायचे, त्याचा लोखंडी कणा लोहाराने, चामड्याची मोट चांभाराने किंवा ढोराने, आणि त्या चाकावरून जाणारा नाडा व सोंदूर मांगाने वळायचा. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या 'गाव-गाडा'त या बलुत्यांची तपशीलवार नोंद केली आहे. यंत्र म्हणून मोट हे सहकार्याचे उत्तम उदाहरण ठरले असते. पण ज्याने नाडा वळला आणि ज्याने मोट शिवली त्याला त्या विहिरीवर पाणी शेंदता येत नव्हते. त्याचा दोर पाण्यात बुडे, त्याचे कातडे पाण्यात बुडे. विटाळ होई तो फक्त त्याच्या हाताने. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जे घडले त्याचा विचार करताना ही चाकाची आणि नाड्याची बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. महाराला तर या यंत्रात कारागिराची जागाही नव्हती. त्याच्याकडे वेस, तराळकी, सांगावा आणि ओढायची मेलेली गुरे. गावाने त्याच्या हातात अवजार कधी दिलेच नाही.

म्हणून जेव्हा वाफेचे आणि विजेचे यंत्र आले तेव्हा आपल्या माणसांना ते मुक्तीचे वाटले, आणि बऱ्याच अंशी ते खरेही होते. यंत्राला जात नसते. पण यंत्राभोवती उभ्या राहणाऱ्या माणसांना असते. मुंबईच्या गिरण्यांत काय झाले हे सर्वश्रुत आहे: सूतखात्यात अस्पृश्य चालत, विणाईखात्यात नाही, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि उष्ट्याने विटाळ होई. विणाईखात्यात पगार अधिक होता, हे त्या विटाळाचे खरे मर्म. १९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा वर्गलढ्याची भाषा करणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. रेल्वेत तेच. १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले, हे वाक्य आपण सभांतून वारंवार उद्धृत करतो. पण त्याच भाषणातला दुसरा तपशील आपण विसरतो. रेल्वेतला अस्पृश्य आयुष्यभर गँगमन राहतो. हमालसुद्धा होऊ शकत नाही, कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात. आणि रेल्वेच्या वर्कशॉपात त्याला क्वचितच मेकॅनिक होऊ देतात, मिस्त्री तर क्वचितच, फोरमन कधीच नाही. तो मजूर म्हणून येतो आणि मजूर म्हणूनच जातो. म्हणजे 'पाना कुणाच्या हाती?' हा प्रश्न मी आज काढलेला नाही. तो मनमाडला १९३८ साली विचारला गेला आहे. आणि १९४२ मध्ये व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी शिष्यवृत्त्यांबरोबरच सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घेऊन तंत्रशिक्षण द्यावे अशी मागणी केली, तीही याच सूत्राला धरून.

मोटारीच्या गॅरेजची गोष्ट गिरणी आणि रेल्वेपेक्षा थोडी निराळी आहे. कोणत्याही स्मृतीत कार्ब्युरेटर नाही. पुली बदलणे हा कोणत्याही जातीचा परंपरागत धंदा नव्हता. त्यामुळे या क्षेत्रात जो आधी शिरला त्याचे ते झाले. मुंबईत मुसलमान कारागिरांनी ही विद्या फार मोठ्या प्रमाणावर जोपासली, शीख आणि ख्रिस्ती आले, कोकणातले आणि घाटावरचे मराठे आले, सुतार-लोहार आपली जुनी विद्या घेऊन आले. 'उस्ताद' हा शब्द या धंद्यात रुजला तो याच कारणाने. भरती जाहिरातीने होत नसे. मेहुण्याने मेहुण्याला, गाववाल्याने गाववाल्याला आणले. ज्या जातीचा कुणी आधी आत नव्हता, त्याला आणणारेही कुणी नव्हते. आपली मुले गॅरेजच्या दारापर्यंत आली ती गाडी धुवायला, ग्रीस मारायला, पंक्चर काढायला. नामदेव ढसाळ तरुणपणी मुंबईत टॅक्सी चालवत. चाकामागे आपला माणूस बसला, पण बॉनेटखाली बसायला त्याला जास्त वेळ लागला. हा माझा तर्क आहे, मी तो आकड्यांनी सिद्ध करू शकत नाही. पण ज्या गॅरेजांत मी बसलो, ज्या वृद्ध मिस्त्र्यांशी बोललो, त्यांत हेच चित्र दिसले.

इथे मला माझ्या वडिलांचे उदाहरण द्यावे लागते. १९८० नंतर काही वर्षे ते मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी एका गॅरेजमध्ये हेल्पर होते. नामांतराच्या प्रश्नावर १९७८ साली जी घरे जळाली त्याची राख तेव्हा थंड झालेली नव्हती, आणि गावातल्या गॅरेजच्या मालकाला कोणाचे आडनाव काय हे माहीत असे. चहाचा कप वेगळा होता. त्याविषयी वडील आजही फारसे बोलत नाहीत. ते बोलतात ते पान्यांविषयी. गॅरेजमध्ये एक न लिहिलेला नियम होता: हेल्परने पाना द्यायचा, लावायचा नाही. मिस्त्री गाडीखालून हात बाहेर काढी, वडील योग्य मापाचा पाना त्या हातावर ठेवत. दुसरा एक हेल्पर त्यांच्यानंतर सहा महिन्यांनी लागला. तो मिस्त्रीच्या नात्यातला. त्याला तिसऱ्या महिन्यात गिअरबॉक्स उघडायला मिळाला.

क्रँकच्या नटाचे काम निघाले की मात्र वडिलांना गाडीत बसवत. नट उघडताना इंजिन फिरू नये म्हणून गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून कुणीतरी ब्रेक दाबून धरावा लागतो. सरकारी अधिकाऱ्यांच्या ॲम्बेसेडर तिथे येत. वडील आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत बसले ते ड्रायव्हरच्या जागेवर, आणि बंद गाडीत, ब्रेक दाबायला. बसण्याआधी मालक सीटवर गोणपाट टाकायला लावी. तेलाचे डाग पडू नयेत म्हणून, असे कुणी म्हणेल. मिस्त्रीच्या पँटीलाही तेच तेल असे, आणि तो चाचणीसाठी गाडी घेऊन जाई तेव्हा गोणपाट नसे. काचेतून वडील मिस्त्रीचा खांदा पाहत: आधी तेल, मग ठोका, मग आवळणे, मग झटका. ब्रेक किती जोराने दाबायचा हे पायाला कळे आणि नट सुटताना गाडीच्या अंगात जी थरथर होई ती त्याच पायातून वर येई. नट उघडण्याची विद्या ते डोळ्याने आणि पायाने शिकले, कारण हाताने शिकायची मनाई होती. पहिल्यांदा पाना स्वतः लावला तो कधी, असे मी त्यांना विचारले. "सव्वीस महिन्यांनी," ते म्हणाले. त्यांनी महिने मोजले होते.

गंजलेल्या बोल्टची उपमा जातीला देण्याचा मोह अशा वेळी होतो. मी ती देणार नाही. गंज हवेपाण्याने चढतो, त्याला कुणाचा फायदा नसतो. पाना द्यायचा पण लावायचा नाही हा नियम रोज सकाळी गॅरेज उघडताना कुणीतरी नव्याने आवळत असतो, आणि त्यात त्याचा फायदा असतो: स्वस्तातला, कायम हेल्पर राहणारा माणूस.

वडिलांना हेल्परपणातून कुणाच्या दयेने बाहेर काढले नाही. सेवायोजन कार्यालयातून आलेल्या एका कागदाने काढले. १९८६ साली ते एस. टी. महामंडळाच्या डेपोत लागले, राखीव जागेवर. तिथे कामाचा कागद असे आणि कागदावर नाव असे. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच हातात पाना. डेपो म्हणजे काही नंदनवन नव्हते. टोमणे होते, खंडेनवमीला अवजारांना हळदकुंकू लावताना कुणाला पुढे बोलावायचे आणि कुणाला नाही हेही होते. (वडील दसऱ्याला रजा टाकून नागपूरला जात, त्यामुळे त्यांना पुढे बोलावण्याचा प्रसंगच येत नसे, असे ते हसत सांगतात.) पण नियमाने मिळालेला पाना कुणाला काढून घेता येत नव्हता. या दृष्टीने १९५० मध्ये सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना, त्यातून गावोगाव निघालेल्या आय.टी.आय., १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आणि त्यात १९७३ साली अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांसाठी घातलेले कलम, यांचा इतिहास आपण लिहायला हवा. आरक्षण म्हटले की आपल्या आणि विरोधकांच्याही डोळ्यांसमोर वैद्यकीय महाविद्यालय येते, सचिवालय येते. फिटर, टर्नर, वेल्डर, मोटार मेकॅनिक या जागांवर जे आले त्यांनी मागच्या पिढीत किती घरे उभी केली, किती मुलांना पदवीपर्यंत नेले, याचा हिशेब कुणी केलेला नाही. माझ्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्यांपैकी, ज्यांच्या घरातले ते पहिले पदवीधर, अनेकांचे वडील हातात पाना किंवा वेल्डिंगचा चिमटा धरणारे होते. हे मला एकमेकांना ओळखू लागल्यानंतर कळले. आधी कुणी सांगत नसे. का सांगत नसे, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आज परिस्थिती पुन्हा पालटली आहे. गाडीतले दोष संगणकाने वाचले जातात आणि तो संगणक कंपनीच्या अधिकृत दुकानात असतो. जुन्या गाड्या भंगारात काढण्याचे धोरण २०२१ मध्ये जाहीर झाले. हवेचा विचार केला तर जुन्या इंजिनांचे जाणे योग्यच आहे. दिवसभर त्या धुरात उभे राहणाऱ्यांची फुप्फुसे मिस्त्र्यांचीच होती, तेव्हा त्याबद्दल मी गळा काढणार नाही. पण डेपोंतली भरती थांबते, कामे ठेक्याने दिली जातात आणि ठेकेदाराला राखीव जागा लागू नसते, तेव्हा पाना पुन्हा मेहुण्याकडून मेहुण्याकडे जाऊ लागतो. २०२१-२२ च्या एस. टी. कर्मचाऱ्यांच्या दीर्घ संपाकडे वर्तमानपत्रांनी पगाराचा आणि विलीनीकरणाचा प्रश्न म्हणून पाहिले. डेपोच्या कार्यशाळेत कोण उभे आहे आणि त्याच्या जागी उद्या कोण उभे राहणार, हा प्रश्नही त्यात होता.

या त्रैमासिकाच्या वाचकांत प्राध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत, कार्यकर्ते आहेत. माझी विनंती त्यांच्यासाठी आहे. आपल्या वस्तीतला, आपल्या घरातला जो निवृत्त मिस्त्री असेल त्याच्यापाशी बसा. त्याला 'तुमचा संघर्ष सांगा' असे विचारू नका. तसे विचारले की तो भाषण करतो. त्याला विचारा: पहिला पाना कोणत्या मापाचा होता आणि कुणी दिला? किती महिन्यांनी? अडकलेला बोल्ट तुम्ही कसा काढत होता? पुलर गॅरेजचा होता की तुम्ही स्वतः बनवला? चहा कशात मिळे? कामाच्या वहीत तुमचे नाव लिहीत की नुसते 'हेल्पर'? आय.टी.आय.चे प्रमाणपत्र, डेपोची हजेरीपत्रके, संघटनेची पत्रके, गॅरेजच्या उधारीच्या वह्या, जे मिळेल ते जपा. त्यांची झेरॉक्स काढून ठेवा. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी यंदा प्रकल्प म्हणून हेच काम दिले आहे. काही जणांनी विचारले, हा इतिहासाचा विषय होतो का? मी त्यांना वडिलांच्या पान्यांची पेटी दाखवली. तिच्यात इंचाच्या मापाचे अकरा पाने आहेत. आजच्या कोणत्याही गाडीला ते लागत नाहीत. त्यातल्या एकाच्या दांडीवर छिन्नीने कोरलेली दोन अक्षरे आहेत, ती वडिलांच्या नावाची आहेत. तो पाना त्यांनी सत्ताविसाव्या महिन्यात स्वतःच्या पैशाने विकत घेतला होता.